बुधवारी भिजत घातलेले वाटाणे

तुर्कू शहरात गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.
शाळेत, गोदीत, तुरुंगात, आमच्याही घरी.
म्हणून बुधवारी रात्री दोन ठिकाणी वाटाणे भिजायचे:
आईचे ओट्यावर, पातेल्यात, वर ताटली,
आणि वडिलांचे विद्यापीठाच्या तळघरात,
ज्यात भिजायचे त्याला काय म्हणायचं
यावर आमच्या घरात बोलणं होत नसे.

कवटी फोडायची नसते, माझे वडील सांगत,
इल्मो सार्निओ, शरीरशास्त्र विभाग, हाडांचं काम.
हातोडीने ती फुटते.
उसवत नाही.
उलटी मांडीवर घ्यायची, तळाच्या मोठ्या भोकातून
कोरडे वाटाणे सोडायचे, मूठ मूठ,
हलवून, थोपटून, पुन्हा थोडे,
शिगोशीग,
मग बूच मारून पाण्यात ठेवायची
आणि घरी जायचं.

ते घरी येत नसत.
पहाटे तीनच्या सुमारास पहिला आवाज व्हायचा,
नदीवरचा बर्फ तडकतो तसा,
पण कपाटात ठेवता येईल एवढा लहान.
माथ्यावरची शिवण सुटायची आधी,
मग मागची, करवतीच्या दात्यांसारखी,
जिच्यात कधी कधी दोन-चार जास्तीची हाडं निघतात,
कुणाचीच नसलेली, ठिगळांसारखी.
तान्हेपणी टाळू भरताना
हाडं ज्या वाटेने एकमेकांकडे आली होती
त्याच वाटेने मागे सरायची.

सकाळी सगळं जुन्या लष्करी घोंगडीवर.
मधली पाकोळी, पंख पसरलेली, तिच्या पाठीवर
एवढंसं खोगीर.
चाळणी, जिच्यातून वास वर चढतो.
नाकातला नांगराचा फाळ.
कानाच्या दगडातली रिकीब, तांदळाच्या कणीत पडली
तर गेलीच.
आणि अश्रूचं हाड:
करंगळीच्या नखाएवढं, नखाहून पातळ,
दिव्यासमोर धरलं तर दिवा दिसतो.

तुम्हाला वाटेल, त्यांना सूप जात नसेल.
दोन वाट्या. वर मोहरी.

एकसष्टच्या हिवाळ्यात आलेला माणूस बेवारस होता.
त्याचं कपाळ दोन भागांचं निघालं.
दुसऱ्या वर्षाच्या आत मिटते ती मधली शिवण
त्याने म्हातारपणापर्यंत तशीच ठेवली होती.
कपाळी लिहिलेलं असतं म्हणतात;
याच्या कपाळी नुसती एक रेघ, नागमोडी.
वडील इतके खूश झाले की शीळ घालू लागले,
आणि त्या शिळेत केव्हातरी
डावं अश्रूचं हाड
फुगलेल्या एका वाटाण्याला चिकटून
मोरीतून गेलं.

बादलीभर वाटाणे त्यांनी एकेक करून पाहिले.
मी नऊ वर्षांची होते, कंदील धरून उभी.
मग सरपणातला बर्चचा ओंडका उचलून
सालीचा पापुद्रा सोलला, त्या पापुद्र्याचा पापुद्रा,
वस्तऱ्याने कातरला, थंड चहात बुडवला,
चिमट्याने डोळ्याच्या खोबणीत बसवला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
"उजवं खरं आहे."

शेवटच्या वर्षी ते माझं नाव विसरले.
मी मान पुढे केली की
अंगठा माझ्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टेकवत
आणि शेजारच्या खुर्चीतल्या कुणाला तरी,
जिथे कुणीच नसे, बजावत:
इथे जपून.

तो माणूस अजून काचेच्या पेटीत आहे,
पितळी काड्यांवर सुटा सुटा,
प्रत्येक हाड शेजारच्यापासून दोन बोटं लांब,
जणू सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि सोडला नाही.
गेल्या शरदात मी गेले तेव्हा
एक मुलगी काचेला नाक लावून चित्र काढत होती.
खोडरबराने तीनदा पुसून
तिने डोळ्याचा कोपरा जमवला,
पुढे बाण काढला, आणि पेन्सिलीला टोक करून
बारीक अक्षरात लिहिलं:
डावं अश्रूचं हाड. शाबूत.